सर्वांत मोठा विजय कोणता?

दरवर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला, की भोजनानंतर एक वाद हमखास रंगतो. आपल्या शाळेचा कबड्डीतील सर्वांत मोठा विजय कोणता? कोणी म्हणतो, आमच्या तुकडीने तालुक्याच्या शाळेला तिच्याच मैदानावर हरवले तो. दुसरा म्हणतो, तुमच्या काळी स्पर्धेला संघ तरी किती येत होते! तिसरा, वयाने सर्वांत वडीलधारा, दोघांनाही हाताने थांबवतो आणि आपल्या अनवाणी खेळण्याच्या दिवसांकडे वळतो. वाद मिटत नाही. तो मिटावा अशी कोणाची इच्छाही नसते. आम्ही त्या घोळक्याच्या कडेला बसून ऐकत असतो. इतिहास शिकविण्यात आयुष्याची बरीच वर्षे गेल्यामुळे आम्हाला निकालापेक्षा त्यामागच्या कसोटीचे कुतूहल अधिक वाटते. दोन वेगवेगळ्या काळांतील विजय एकाच तराजूत घालायचे, तर वजने कोणती वापरायची?

या प्रश्नाचा विचार आपल्याच शाळेचे उदाहरण घेऊन केला, तर प्रत्येकाची तुकडी आड येते. म्हणून आम्ही दूरचे उदाहरण निवडले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथील ऑबर्न विद्यापीठ आणि अलाबामा विद्यापीठ यांच्या फुटबॉल संघांत शंभराहून अधिक वर्षांचे वैर आहे. त्यांच्या वार्षिक सामन्याला ‘आयर्न बोल’ म्हणतात. कारण हा सामना दीर्घकाळ बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात खेळला जाई. त्या राज्यात मूल जन्माला आले, की ते कोणत्या बाजूचे हे घरात आधीच ठरलेले असते, असे विनोदाने म्हटले जाते. ऑबर्नची माणसे एकत्र जमली, की आपल्या मेळाव्यासारखाच प्रश्न विचारतात : अलाबामावरील आपला सर्वांत मोठा विजय कोणता?

हा खेळ आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो; तो हातात धरून धावतात, फेकतात आणि क्वचितच पायाने मारतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. ते जमणार नाही असे दिसले, की चेंडू उंच व दूर लाथाडून प्रतिपक्षाच्या हवाली करायचा. या लाथाडण्याला ‘पंट’ म्हणतात. अंगावर अंग आदळण्याचा हा खेळ आरंभीच्या काळात इतका हिंसक होता, की १९०५ साली खेळाडूंच्या मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. त्याच वर्षानंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने हा खेळ बंद केला आणि १९१५ मध्ये तो पुन्हा सुरू केला. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले, तेव्हा त्या विद्यापीठात फुटबॉलचा संघच नव्हता, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना सांगितली, की त्यांना मोठी गंमत वाटते.

ऑबर्नमध्ये हा खेळ आणला तो जॉर्ज पेट्री यांनी. ते इतिहासाचे प्राध्यापक होते. १८९२ मध्ये त्यांनी पहिला संघ उभा केला. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी १८९३ रोजी, ऑबर्न आणि अलाबामा प्रथम समोरासमोर आले आणि ऑबर्नने ३२–२२ असा विजय मिळविला. १९०७ मध्ये ६–६ अशी बरोबरी झाली आणि त्यानंतर खेळाडूंची संख्या, त्यांचा दैनंदिन भत्ता आणि पंच कोठून आणायचे, अशा बाबींवरून उभय पक्षांत इतके बिनसले, की चाळीस वर्षे सामनाच झाला नाही. १९४८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा अलाबामाने ऑबर्नचा ५५–० असा धुव्वा उडविला. दुसऱ्याच वर्षी ऑबर्नने १४–१३ असा एका गुणाने सूड उगविला.

येथून ऑबर्नवाल्यांची यादी सुरू होते. काही जण १९०० सालच्या ५३–५ या निकालाकडे बोट दाखवितात. एवढ्या फरकाने ऑबर्नने अलाबामाला पुन्हा कधीही हरविलेले नाही. काही जण १९५७ चा ४०–० हा विजय सांगतात. त्या वर्षी ऑबर्न राष्ट्रीय विजेता ठरला. कोणी १९७२ चा १७–१६ हा सामना सांगतो. त्यात १६–० अशा पिछाडीवर असलेल्या ऑबर्नने शेवटच्या सत्रात अलाबामाचे दोन पंट अडवून दोन्ही वेळा चेंडू थेट गोलरेषेपार नेला. कोणी १९८२ चा २३–२२ हा विजय सांगतो; लागोपाठ नऊ पराभवांनंतर पहिल्या वर्षाला असलेल्या बो जॅक्सनने गोलरेषेवर रचलेल्या माणसांच्या ढिगावरून झेप घेतली होती. कोणाच्या मनात १९८९ चा ३०–२० हा सामना असतो. इतकी वर्षे बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर खेळल्यानंतर त्या वर्षी अलाबामाचा संघ प्रथमच ऑबर्नच्या मैदानावर उतरला. २०१० मध्ये २४–० अशा पिछाडीवरून ऑबर्नने प्रतिपक्षाच्या मैदानात २८–२७ असा विजय खेचून आणला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळविले. अखेरीस २०१३ : सामना २८–२८ असा बरोबरीत, घड्याळात एक सेकंद शिल्लक. अलाबामाने ५७ यार्डांवरून विजयी गोल मारण्याचा प्रयत्न केला. चेंडू आखूड पडला. गोलाखाली उभ्या असलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो झेलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत नेला. ३४–२८. अलाबामाचा संघ तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याआधीची दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्याकडेच होती.

आज सामान्य प्रेक्षकाला विचारले, तर तो बहुधा २०१३ असेच उत्तर देईल. एका सेकंदात उलटलेला निकाल कोणालाही मोहविणारच. परंतु थरार ही स्मरणाची कसोटी झाली, महत्त्वाची नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यादी हाती आली, की प्रथम एक प्रश्न विचारला पाहिजे. हा सामना खेळण्याची मुभा कोणाला होती?

हा प्रश्न विचारताच यादीचे रूप पालटते. १९०० सालचा ५३–५ हा विजय घ्या. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९०१ मध्ये, अलाबामाने नवे राज्यसंविधान केले आणि मतदानासाठी कर, साक्षरतेची परीक्षा व मालमत्तेची अट घालून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात काढून घेतला. ज्या राज्यात त्यांना मत देता येत नव्हते, त्या राज्याच्या महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळणे शक्यच नव्हते आणि प्रवेश नाही तर संघात स्थान कोठून? १९५७ चा विजेता संघही पूर्णतः गोऱ्या तरुणांचा होता. बर्मिंगहॅममध्ये तर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींनी एकत्र पत्ते, सोंगट्या, बेसबॉल वा फुटबॉल खेळण्यास मनाई करणारा नगरपालिकेचा कायदाच होता. आयर्न बोल ज्या शहरात भरत असे, त्या शहरात दोन वर्णांच्या मुलांनी मिळून चेंडू खेळणे हा गुन्हा होता.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. १९४९ किंवा १९५७ चे खेळाडू विशीतील मुले होती. कायदे त्यांनी केलेले नव्हते. त्यांनी घाम गाळला, हाडे मोडून घेतली आणि समोर जो संघ आला त्याला हरविले. आजच्या मूल्यांनी कालच्या माणसांना जोखणे हा इतिहासाच्या शिस्तीचा भंग नव्हे काय? आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना हीच शिस्त शिकवितो. म्हणून या आक्षेपाला उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. ऑबर्नपासून सुमारे ३० किलोमीटरवर टस्कीगी आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये तेथे कृष्णवर्णीयांसाठी शिक्षणसंस्था उभी केली. तिचा फुटबॉल संघ क्लीव्ह ॲबट यांच्या मार्गदर्शनाखाली १९२० च्या दशकात कृष्णवर्णीय महाविद्यालयांमध्ये देशात अग्रगण्य ठरला होता. ॲबट यांनी आपल्या कारकिर्दीत दोनशेहून अधिक सामने जिंकले. टस्कीगी आणि मॉन्टगोमेरीची अलाबामा स्टेट ही संस्था यांच्यात १९२४ पासून दरवर्षी सामना होत असे आणि त्याचेही वैर तितकेच कडवे होते. म्हणजे खेळाडू होते, प्रशिक्षक होते, प्रेक्षक होते, एका तासाच्या अंतरावर होते. हे आजचे मूल्य काल लादणे नव्हे. त्या काळातच ही दुसरी मैदाने अस्तित्वात होती आणि तेथे खेळणारी माणसे आपल्याला कोठे येऊ दिले जात नाही हे पुरते जाणून होती. १९५७ च्या खेळाडूंचे कष्ट आम्ही नाकारीत नाही. त्यांच्या विजयाला ‘राज्यातील सर्वोत्तम’ म्हणण्याचा अधिकार मात्र त्या विजयाला नव्हता, एवढेच आमचे म्हणणे आहे. जो बलाढ्य प्रतिस्पर्धी दाराबाहेर उभा केला होता, त्याला हरविल्याचा दावा कसा करता येईल?

म्हणून आमची पहिली कसोटी अशी : मैदान दोन्ही बाजूंना खुले होते काय? दुसरी कसोटी सर्वमान्य आहे : प्रतिपक्ष किती बलवान होता? आणि तिसरी : त्या विजयानंतर मागून येणाऱ्यांसाठी काय उरले?

पहिल्या कसोटीची धार कळावी म्हणून १९६३ सालाकडे पाहू. त्या वसंतात बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर शाळकरी मुलांनी मोर्चे काढले; त्यांच्यावर पोलिसी कुत्री सोडली गेली, बंबांचे जोरदार पाणी मारले गेले. जूनमध्ये राज्यपाल जॉर्ज वॉलेस अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभे राहिले, दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश अडविण्यासाठी. १५ सप्टेंबरला सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये बाँबस्फोट झाला आणि चार मुली मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ३० नोव्हेंबर १९६३ रोजी, त्याच शहरात ऑबर्नने अलाबामाला १०–८ असे हरविले. मैदानावर उतरलेल्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. ऑबर्नच्या बाजूने तो विजय संस्मरणीयच होता. परंतु त्या शहराच्या त्या वर्षाच्या इतिहासात त्या दहा गुणांचे स्थान किती?

त्या सामन्यानंतर बरोबर पस्तीस दिवसांनी, ४ जानेवारी १९६४ रोजी, ऑबर्नमध्ये एक तरुण एकटा चालत प्रवेशाची नोंद करायला गेला. त्याचे नाव हॅरल्ड फ्रँकलिन. न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश मिळालेला ऑबर्नचा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. विषय : इतिहास, पदव्युत्तर अभ्यासक्रम. वसतिगृहात त्याला जागा देण्यात आली, पण आजूबाजूच्या खोल्यांत कोणी नव्हते. इमारतीचा एक संपूर्ण भाग आणि त्यात तो एकटा. निवासी शाळेत वाढलेल्या आमच्या वाचकांना त्या रात्रींची कल्पना अधिक सांगावी लागणार नाही. वसतिगृह म्हणजे शेजारच्या खाटेवरील मित्राचा श्वास, दिवा विझल्यावरची कुजबुज. तेथे भिंतीच भिंती होत्या.

खेळाच्या मैदानावरचे दार त्यानंतर हळूहळू उघडले. १९६८ मध्ये हेन्री हॅरिस या बास्केटबॉलपटूला ऑबर्नने शिष्यवृत्ती दिली. तेथील तो पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडू. १९६९ मध्ये फेअरफील्ड या बर्मिंगहॅमलगतच्या गावातून जेम्स ओवेन्स फुटबॉलसाठी आला आणि १९७० पासून मुख्य संघात खेळू लागला. अलाबामाने विल्बर जॅक्सनला १९७० मध्ये घेतले आणि तो व जॉन मिचेल १९७१ मध्ये मैदानावर दिसले. या सालांकडे नीट पाहावे. १९७० मध्ये ऑबर्न ३३–२८ असे जिंकले, तेव्हा त्यांच्या संघात ओवेन्स होता. पण अलाबामाच्या मैदानावर उतरलेल्या संघात एकही कृष्णवर्णीय नव्हता. १९७१ मध्ये दोन्ही दारे किलकिली झाली, तेव्हा अलाबामा ३१–७ असे जिंकले. याचा अर्थ, दोन्ही संघ सर्वांसाठी खुले असताना ऑबर्नने अलाबामावर मिळविलेला पहिला विजय तो २ डिसेंबर १९७२ चा.

त्या सामन्याची आठवण काढणारे दोन अडविलेल्या पंटांपलीकडे सहसा जात नाहीत. आम्हाला मात्र त्या संघातील ओवेन्सची जागा महत्त्वाची वाटते. त्या मोसमात त्याचे मुख्य काम चेंडू घेऊन धावण्याचे नव्हते. धावणाऱ्या सहकाऱ्यापुढे घुसून, प्रतिपक्षाच्या अंगावर अंग टाकून वाट मोकळी करण्याचे होते. टाळ्या मागून येणाऱ्याला मिळतात. मार पुढच्याला बसतो. समोर अपराजित, देशात दुसऱ्या क्रमांकाचा अलाबामा. त्या संघाच्या कर्णधारांपैकी एक होता जॉन मिचेल. ऑबर्नकडून त्या वर्षी कोणाची फारशी अपेक्षाही नव्हती, कारण मागील वर्षीचे त्यांचे सर्वांत नावाजलेले खेळाडू शिक्षण संपवून गेले होते. आमच्या पहिल्या दोन्ही कसोट्यांना हा विजय उतरतो.

१९७२ हे साल आपल्याही इतिहासात कोरलेले आहे. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले गेले, हे आपण सारे जाणतो. परंतु काळ्या चित्त्याचे चिन्ह मुळात कोठले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ते अलाबामाचे. त्या राज्यातील लाउन्डस जिल्ह्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय लोक असूनही १९६५ पर्यंत त्यांची नावे मतदारयादीत जवळजवळ नव्हतीच. त्यांनी आपला पक्ष उभारला. आपल्याकडल्याप्रमाणेच तेथेही निरक्षर मतदारांसाठी पक्षाला चिन्ह लागे. सत्ताधारी पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा. त्यापुढे त्यांनी काळा चित्ता उभा केला. तेथून तो कॅलिफोर्नियात गेला आणि पुढे मुंबईत आला. ऑबर्न आणि नायगाव यांच्यात एवढे अंतर असूनही हा एक धागा खराच आहे.

आता तिसरी कसोटी. येथे १९८२ चा विजय पुढे येतो. बो जॅक्सन बेसेमर या गावचा. ओवेन्सच्या फेअरफील्डप्रमाणेच बर्मिंगहॅमलगतचे कारखान्याचे गाव. दहा भावंडांतील आठवा. ओवेन्सने ज्या भिंतीत डोके घालून वाट केली, तिच्यावरून दहा वर्षांनी शेजारच्या गावचा मुलगा उडी मारून गेला. १९८५ मध्ये त्याला देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा हाइजमन पुरस्कार मिळाला. मागून येणाऱ्यांसाठी काय उरले, या प्रश्नाला एवढे स्पष्ट उत्तर दुसऱ्या कोणत्याही विजयाकडे नाही. परंतु त्या वर्षीचा अलाबामा संघ १९७२ इतका बलवान नव्हता आणि झेपेचे श्रेय देताना ज्याच्या खांद्यांनी आधी भिंत हलविली त्याला विसरता येत नाही. १९८९ चा विजय आपल्या स्वतःच्या मैदानाचा. पाहुण्यासारखे खेळणे संपल्याचा आनंद त्यात आहे आणि त्याची गोडी आम्हाला समजते. तरीही ते दोन विद्यापीठांमधील मानपानाचे प्रकरण होते. २०१० मध्ये जिद्द अलौकिक. परंतु तोवर मैदान खुले होऊन चाळीस वर्षे झाली होती.

राहिला २०१३. तो सामना कोणत्या दिवशी झाला? ३० नोव्हेंबर. १९६३ च्या त्या सामन्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. ज्या बर्मिंगहॅममध्ये पन्नास वर्षांपूर्वी कृष्णवर्णीय मुलांवर कुत्री सोडली गेली, त्याच बर्मिंगहॅमचा मुलगा म्हणजे ख्रिस डेव्हिस. तो चेंडू घेऊन धावला, तेव्हा ऑबर्नचे हजारो गोरे प्रेक्षक कठडे ओलांडून त्याला मिठी मारायला मैदानात उतरले. हे दृश्य पाहून कोणाचेही मन भरून येईल, आमचेही आले. परंतु मन भरून आले, की इतिहासकाराने क्षणभर थांबावे, असे आम्हास वाटते.

कारण टाळी वाजविणे आणि शेजारी बसू देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अलाबामा राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण चतुर्थांशाहून थोडे अधिक आहे. ऑबर्नच्या फुटबॉल संघात ते ठसठशीत दिसतात; ऑबर्नच्या वर्गांत मात्र त्यांचे प्रमाण त्याच्या जवळपासही जात नाही. मैदानाचे दार आधी उघडले, कारण तेथे त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हते. ग्रंथालयाचे दार तेवढे उघडले नाही, कारण तेथे कोणी गुण मोजीत नव्हते. आपल्या देशातही गाणाऱ्याचे गाणे ऐकणारे आणि खेळणाऱ्याचा खेळ पाहणारे लोक त्याच माणसाला घर भाड्याने देताना आडनाव विचारतात, हे सांगायला कोणाचा दाखला लागत नाही.

आणि पहिल्यांचे काय होते? हेन्री हॅरिसने १९७४ मध्ये, ऐन पंचविशीच्या आत, आपले जीवन संपविले. सर्वांसमोर खेळणारा आणि खेळ संपल्यावर एकटा पडणारा तो तरुण आपल्या वाचकांना अनोळखी वाटणार नाही; उच्च शिक्षणाच्या मोठ्या संस्थांत गेलेल्या आपल्या मुलांच्या अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. ओवेन्स पुढे धर्मोपदेशक झाला. त्याच्या नावाने ऑबर्नने धैर्याचा पुरस्कार सुरू केला तो २०१२ मध्ये, मैदानावरील त्याच्या पदार्पणानंतर चार दशके उलटल्यावर. २०१६ मध्ये तो निवर्तला. हॅरल्ड फ्रँकलिनचा प्रबंध मात्र दुरुस्त्यांच्या नावाखाली पुनःपुन्हा परत केला गेला; अखेरीस पदवी न घेताच त्याने ऑबर्न सोडले, दुसऱ्या विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी मिळविली आणि आयुष्यभर इतिहास शिकविला. ज्या विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापकाने फुटबॉल आणला, त्याच विद्यापीठात इतिहासाच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध पन्नास वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. २०२० मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उत्तरार्धात, त्याला बोलावून प्रबंधाची मौखिक परीक्षा घेण्यात आली आणि पदवी देण्यात आली. पुढच्याच वर्षी तो गेला. त्या दिवशी मैदानात कोणी कठडे ओलांडले नाहीत.

तेव्हा आमचा निवाडा असा. ऑबर्नचा सर्वांत मोठा विजय १९७२ चा. दुसरा १९८२ चा. तिसरा २०१३ चा. १९६९ पर्यंतच्या विजयांसाठी वेगळी यादी करावी. ते पुसू नयेत, पण एकाच रांगेत बसवू नयेत. १९७२ ला आम्ही प्रथम स्थान देतो ते अडविलेल्या पंटांसाठी नव्हे. समान संधीच्या मैदानावर, बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मिळविलेला तो पहिला विजय होता आणि त्यात स्वतःच्या नावासाठी न धावता दुसऱ्यासाठी वाट करणारा एक माणूस होता, म्हणून. कोणाला हा क्रम मान्य होणार नाही. त्याने आपला क्रम सांगावा, मात्र आपली कसोटीही सांगावी. कसोटी न सांगता केलेली तुलना हा केवळ आवडीनिवडीचा उच्चार असतो.

आता परत आपल्या अंगणात येऊ. दूरच्या उदाहरणाने शिकलेली गोष्ट घरी लावून पाहिली नाही, तर ते शिक्षण व्यर्थ. आपल्या शाळेच्या प्रवेशद्वाराशी क्रीडाविजयांचा फलक आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिलो. कबड्डी, खो-खो, लांब उडी; वर्षे आणि नावे. ज्यांना गावच्या तालमीत आणि शाळेच्या मैदानात बरोबरीने उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या मुलांची ती नावे आहेत. तो फलक आपला अभिमान आहे आणि राहील. परंतु मुलींचे वसतिगृह सुरू होईपर्यंतच्या साऱ्या वर्षांत त्या फलकावर एकाही मुलीचे नाव नाही. ज्या शाळेने इतरांच्या बंद दारांवर बोट ठेवले, तिचे एक दार इतकी वर्षे बंद होते, हे आपण सर्वांनी पाहिले आणि त्याबद्दल कोणी काही बोललो नाही. आम्हीही त्यात आलो. आम्ही या शाळेत रुजू झालो, तेव्हा आम्हाला तो फलक पूर्णच वाटला होता. हे लिहिताना संस्थापकांचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्यापाशी एकच इमारत होती आणि पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ती चालविली. तरीही १९५७ च्या खेळाडूंना जो न्याय आम्ही लावला, तो स्वतःला न लावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

म्हणून संस्थेच्या विश्वस्तांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. नवा फलक करताना जुने विजय तसेच ठेवावेत, पण त्यांच्या खाली एक ओळ जोडावी : या वर्षांत शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. आणि मुलींचा पहिला संघ ज्या वर्षी तालुक्याला गेला, त्या संघाचे नाव, तो पहिल्याच फेरीत हरला असला तरी, फलकावर लिहावे. त्या मुली आज चाळिशीत आहेत. त्यांतील काही जणी आपल्या मुलांना घेऊन मेळाव्याला येतात आणि सर्वांत मोठ्या विजयाचा वाद सुरू झाला, की भोजनाची भांडी आवरायला उठतात. पुढच्या मेळाव्यात त्यांनी बसून राहावे. त्यांचा क्रम काय आहे, तो ऐकण्याची आमची इच्छा आहे.